एकशे चाळीस फूट तंगूस

आयली कोवाचच्या बोटीत छत्तीस वर्षांत काही हजार मासे आले असतील. त्यातला एकही तिने पाण्यातून वर येताना पाहिला नव्हता.

कारण तिची जागा पुढे, चाकापाशी होती. रेमंडची मागे, गळाच्या काठ्यांपाशी. ती पाण्याकडे बघत बोट हाकायची आणि तिच्या पाठीमागे नवऱ्याचा एकपात्री प्रयोग रंगायचा. "हळू! अजून हळू! वळू नकोस, वळू नकोस म्हणतोय ना! जाळी कुठाय? अगं जाळी! राहू दे, मिळाली. सरळ! सरळ म्हणजे सरळ, आयली!" मग धपाधप आवाज, शेपटीचे फटकारे, पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज. नाटकाच्या प्रत्येक प्रयोगाला विंगेत उभं राहून एकदाही रंगमंच न पाहिलेल्या माणसासारखी तिची गत होती. संवाद सगळे पाठ, प्रवेश एकही पाहिलेला नाही.

"मी जरा काठी धरू का?" असं तिने लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा विचारलं होतं. रेमंड म्हणाला, "मग चाक कोण धरणार?" हा प्रश्न त्याला इतका बिनतोड वाटला, की पुढे पस्तीस वर्षं त्याने तेच उत्तर चालवलं.

आणि बोटीचं नाव 'योलान'. म्हणजे सासूचं. छत्तीस वर्षं आयली सासूच्या पोटात बसून, नवऱ्याचे हुकूम पाठीवर झेलत ईरी सरोवरात फिरत होती. कुणाचंही डोकं फिरलं असतं. आयलीचं फिरलं नव्हतं, फक्त तापलेलं असायचं.

तशी बाई कामाची. हॉर्टन हार्बरच्या हातमोज्यांच्या कारखान्यात तिने सव्वीस वर्षं शिलाई मशीन चालवलं. आईवडील फिनलंडहून आलेले, त्यामुळे बोलणं मोजकं आणि कॉफी अमाप. शनिवारी वेलदोडे घातलेला गोड पाव भाजायचा, रविवारी चर्चच्या तळघरात तो कापायचा, असा नेम. नवरा मात्र हंगेरियन घरातला, बंदरावरच्या खनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवून निवृत्त झालेला. उंचावर एकट्याने बसून खालच्यांना ओरडून सांगायची सवय त्याला तिथलीच.

ऑगस्टमध्ये बंदरापासून नऊ मैल आत जायचं. तिथे सरोवराचा तळ इस्त्री केलेल्या चादरीसारखा मैलोन् मैल सपाट, वर चाळीस फूट पाणी. सगळे त्याला सपाटी म्हणतात. वॉलआय मासे तिथे तळाशी बसत नाहीत, मधल्या पाण्यात तरंगत असतात आणि डोळे वर लावून भक्ष्य शोधतात. त्यांच्यासाठी तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीच्या, टोकाला रंगीत खोटा मासा बांधायचा. त्याच्या तोंडाला पारदर्शक प्लास्टिकची लांब चोच असते. बोट चालण्याच्या वेगाने पुढे न्यायची, की ती चोच पाणी कापत खोटा मासा खाली बुडवते. जितका तंगूस जास्त सोडाल तितका तो खोल जातो. खऱ्या माशांच्या जरासा वरून गेला तर झडप पडते, खालून गेला तर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणजे सगळा खेळ एका आकड्याचा. तंगूस किती फूट सोडायचा? तेवढ्यासाठी रिळावर एक छोटी खिडकी असते, तिच्यात आकडे फिरतात.

रेमंडचा आकडा होता एकशे चाळीस. दोन मैलांत दुसरी बोट नसली तरी तो हे कुजबुजून म्हणायचा. "एकशे चाळीसवर लावलं."

"कुणापासून लपवतोयस? पाणकोंबड्यांपासून?" आयली पुढून विचारायची.

"पाण्यावर आवाज लांब जातो."

पूर्वी हा आकडा कमी होता. लग्नानंतरच्या काळात शंभराच्या जरा आत, मग शंभर, मग एकशे दहा. तो दर एक-दोन वर्षांनी थोडा वाढवायला लागायचा, तेव्हाच मासे लागायचे. यावर रेमंडचा एक सिद्धांत होता आणि तो बंदरावर कॉफी पिणाऱ्या प्रत्येकाने निदान दहादा ऐकला होता. "सरोवर बदलतंय. पाणी तापतंय. मासे दरवर्षी खाली सरकतायत. तुम्हाला नाही कळणार. मला कळतं." कुणी फारच विचारलं तर तो खांदे उडवायचा. आकडा मात्र सांगायचा नाही. आयुष्यात त्याने तो एकाच माणसाला सांगितला, आणि तिथेच घात झाला.

तो माणूस म्हणजे त्याचा साडू, लॉइड. आयलीच्या धाकट्या बहिणीचा, हेल्मीचा नवरा. दोघे एकाच धक्क्यावर कामाला, दोघींची घरं चार गल्ल्यांच्या अंतरावर. दर शुक्रवारी आलटून पालटून एकेका घरी तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर आणि पत्त्यांचा डाव. नऊ वर्षांपूर्वी लॉइडने नवीन बोट घेतली, नवीन काठ्या, नवीन रिळं. पिट्सबर्गहून त्याचे दोन भाऊ तीन दिवसांसाठी येणार होते. लॉइडने साडूला गाठलं. "एकदा सांग. भावांसमोर माझी लाज राख." रेमंडने दोन दिवस आढेवेढे घेतले, मग पेनाने लॉइडच्या तळहातावर लिहिलं, १२५. तेव्हाचा आकडा तो होता.

तीन दिवस लॉइडने एकशे पंचवीस फूट तंगूस सोडून सपाटी पिंजून काढली. एक मासा नाही. आणि त्याच तीन दिवसांत रेमंड रोज दुपारच्या आत भरलेली पेटी घेऊन धक्क्याला लागत होता. भावांनी लॉइडची इतकी टिंगल केली, की तिसऱ्या दिवशी तो सगळ्या बंदरासमोर साडूवर उसळला.

"द्यायचा नव्हता तर नाही म्हणायचंस! खोटा आकडा कशाला दिलास?"

"खरा दिलाय," रेमंड म्हणाला. "तुला बोट हाकता येत नाही, त्याला मी काय करू?"

झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. शुक्रवार बंद. चार गल्ल्यांच्या अंतरावर दोन घरी दोन तवे वेगवेगळे तापायला लागले आणि दोघी बहिणी चर्चच्या तळघरात पाव कापताना भेटायला लागल्या. आयलीने पहिल्या वर्षी समजूत घातली, दुसऱ्या वर्षी भांडली, तिसऱ्या वर्षी दोघांची नावं एका दमात घेऊन शिव्या दिल्या. नंतर तिने नाद सोडला.

यंदा मात्र नाद सोडून चालणार नव्हतं. लॉइडचे गुडघे गेले होते, मुलगी ॲरिझोनात होती, घर विकलं गेलं होतं. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी सामानाचा ट्रक यायचा होता.

"मला काही नको," हेल्मी फोनवर म्हणाली होती. "निरोप समारंभ नको, भेटी नकोत. फक्त एक शुक्रवार. चौघं एका टेबलावर. एकदाच, आयली. तिथे मी वाळवंटात बसून काय आठवू? ट्रक?"

आयलीने रेमंडपाशी विषय काढला. तो म्हणाला, "त्याने मला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलंय. तो आधी माफी मागेल." हेल्मीने लॉइडपाशी काढला. तो म्हणाला, "त्याने आधी कबूल करावं."

आणि त्यात रेमंडचे मासे गेले.

जुलैच्या मध्यापासून एक मासा लागला नाही. पहिल्या आठवड्यात त्याने वाऱ्याला दोष दिला. दुसऱ्या आठवड्यात खोट्या माशांचे रंग बदलले. जांभळा, हिरवा, सोनेरी, मग एक असा गुलाबी की आयली म्हणाली, "हा मासा आहे की लग्नातला केक?" तिसऱ्या आठवड्यात तो माणसांकडे वळला, आणि बोटीत माणूस एकच होतं.

"तू डावीकडे ओढतेस."

"मी छत्तीस वर्षं अशीच हाकतेय."

"आता जास्त ओढतेस. आणि ते गाणं गुणगुणू नकोस. माशांना कंप जाणवतो."

"मोटर चालू आहे, रेमंड!"

"मोटरची त्यांना सवय आहे."

एकदा तिने आणलेला पाव त्याने नाकाशी धरून वास घेतला. बोटीत केळं आणलं की मासे पळतात, अशी तिथल्या म्हाताऱ्यांची पक्की समजूत. "यात केळं आहे का?"

"वेलदोडे आहेत. तुझ्या पोटात छत्तीस वर्षं जाताहेत ते वेलदोडे."

"मग आजपासून नको."

आयलीने उरलेला पाव त्याच्यासमोर पाणपक्ष्यांना टाकला. पक्ष्यांनी तक्रार केली नाही.

सगळं बदलून झालं. वेग, जागा, रंग, पाव. एक गोष्ट त्याने बदलली नाही. एकशे चाळीस. "आकडा पक्का आहे," तो म्हणायचा. लॉइड बंदरावर काठी टेकत यायचा, रेमंडची रिकामी पेटी लांबून बघायचा आणि काही न बोलता निघून जायचा. ते न बोलणं रेमंडला बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं. घरी येऊन तो ते आयलीवर काढायचा.

शेवटच्या आठवड्यातला गुरुवार. सकाळी तो म्हणाला, "काठ्या काढून टाकतो. सरोवर मेलं." आणि तोंड पाडून लोखंडी सामानाच्या दुकानात गेला, जिथे त्याच्यासारखे तोंड पाडलेले आणखी चार म्हातारे बसत. आयलीने मशीनवरचं कव्हर काढलं. हेल्मीच्या ॲरिझोनातल्या नव्या घराचे पडदे शिवायचे होते, सोमवारच्या आत.

बॉबिनवर धागा भरताना तिने सवयीने पायाचा दाब कमी केला. रिकाम्या बॉबिनला गरगर फिरावं लागतं तेव्हा कुठे हातभर धागा चढतो. बॉबिन भरत आली की एका फेऱ्यात कितीतरी जास्त. हे तिच्या बोटांना कारखान्यापासून माहीत होतं. बोटांना माहीत असलेली गोष्ट डोक्यापर्यंत पोहोचायला मात्र त्या दिवशी निमित्त मिळालं. ती थांबली. बॉबिनकडे बघत राहिली.

रिळावरची खिडकी फूट मोजत नाही. ती फेरे मोजते!

आणि मग तिने कपाळावर हात मारला. कारण जुलैमध्ये रेमंडचा बहात्तरावा वाढदिवस झाला होता. त्याला भेट म्हणून तिने चोरून त्याची चारही रिळं आमिषांचं दुकान चालवणाऱ्या डॉटीकडे नेली होती आणि नवा तंगूस काठोकाठ भरून आणला होता. डॉटी जुनी रिळं बघून म्हणाली होती, "अगं बाई, यावर उरलंय काय? हा माणूस टोक झिजलं की कापतो, कापतो, आणि भरत कधीच नाही. पाव रीळ रिकामं आहे!"

आयली उठून गॅरेजमध्ये गेली. पाचवं एक रीळ होतं, वसंतात मूठ तुटलेलं. रेमंड काही फेकायचा नाही. ते खिळ्याला लटकत होतं, वर तोच जुना, पिवळा पडलेला तंगूस. तिने ते काढलं, त्याची शंभर फुटी पोलादी टेप घेतली आणि बाहेर रस्त्यावर आली. तंगुसाचं टोक पत्रपेटीच्या खांबाला बांधलं, खिडकीतला आकडा शून्यावर आणला, आणि उलटी चालायला लागली. वीस. पन्नास. नव्वद.

समोरचा बर्नी गवत कापायचं थांबला. "आयली, मासे आता रस्त्याने यायला लागले का?"

"तू तुझं गवत काप."

एकशे चाळीसला ती थांबली. रीळ जमिनीवर ठेवलं, त्यावर दगड ठेवला, आणि खांबापासून टेप लावत आली. शंभर फुटी टेप. संपलीच नाही. रीळ अठ्ठ्याण्णव फुटांवर होतं.

बर्नीला दिसलं ते एवढंच, की सत्तरीची आयली कोवाच भर रस्त्यात उभी राहून आकाशाकडे बघत म्हणाली, "माणूस आहे की गाढव!"

मासे कधी खाली गेलेच नव्हते. ते होते तिथेच होते. दरवर्षी तंगूस कापून कापून रीळ बारीक होत गेलं आणि खिडकीतला आकडा फुगत गेला. अठ्ठ्याण्णव फुटांना तो कधी एकशे दहा म्हणाला, कधी एकशे पंचवीस, कधी एकशे चाळीस. आणि नऊ वर्षांपूर्वी रेमंडने साडूच्या तळहातावर अगदी प्रामाणिकपणे जो आकडा लिहिला, तो लॉइडच्या नव्याकोऱ्या, काठोकाठ भरलेल्या रिळांवर खराखुरा एकशे पंचवीस फूट निघाला. तीन दिवस लॉइडचे खोटे मासे खऱ्या माशांच्या पोटाखालून फिरत राहिले. यंदा वाढदिवसाच्या भेटीपासून रेमंडचेही तिथेच फिरत होते.

तिने हेल्मीला फोन केला. "मोठा तवा खोक्यात घालू नकोस."

"घातला. चिकटपट्टी पण लावली."

"मग काढ. उद्या शुक्रवार आहे."

"आयली, काय झालंय?"

"विचारू नकोस. मी आत्ता बोलले तर शिव्या येतील तोंडात, आणि मला त्या उद्यासाठी ठेवायच्यात."

शुक्रवारी सकाळी सात वाजता 'योलान' सपाटीवर होती. रेमंडला आणायला आयलीला फार कष्ट पडले नाहीत. "शेवटचं एकदा जाऊ," एवढं ती म्हणाली आणि तो हुतात्म्यासारखा उठला. पायाशी तिने एक कापडी पिशवी ठेवली होती.

"एकशे चाळीस," मागून कुजबूज आली.

"अठ्ठ्याण्णव सोड," आयली म्हणाली.

"काय?"

"अठ्ठ्याण्णव."

 मागून एक हसणं, क्रेनवरून खालच्याकडे बघून हसावं तसं. "तू चाक बघ."

आयलीने किल्ली फिरवली. मोटर बंद पडली. चोचीवाले चारही खोटे मासे आपोआप वर यायला लागले आणि तंगूस ढिले पडले.

"अगं! काय करतेस! गुंता होईल!"

"होऊ दे. अठ्ठ्याण्णव, नाहीतर इथेच बसू. पाव आहे. वेलदोड्यांचा."

"मासे खाली आहेत, बाई! दरवर्षी खाली जातायत, मी वीस वर्षं बघतोय!"

"एका काठीवर सोड. एकाच. लागलं नाही तर बंदरावर सगळ्यांसमोर सांग की आयली मूर्ख आहे."

ही सोय रेमंडला पसंत पडली असावी. मोटर सुरू झाली. त्याने एक काठी अठ्ठ्याण्णववर लावली, उरलेल्या तीन एकशे चाळीसवर, आणि घसा खाकरून वाट बघायला लागला. पाच मिनिटं झाली. "बघ," तो म्हणाला. सात मिनिटं झाली. "मी काय म्हणत—"

वाक्य पुरं झालं नाही. काठी वाकल्याचा आवाज आयलीच्या ओळखीचा होता. रीळ किरकिरलं. पण छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मागून एकही हुकूम आला नाही. ना हळू, ना सरळ, ना जाळी. नुसता श्वासाचा आवाज. मग पेटीचं झाकण. मग पुन्हा तंगूस सोडल्याची सरसर. थोड्या वेळाने पुन्हा किरकिर.

दुसरा मासा पेटीत गेल्यावर त्याने उरलेल्या तिन्ही काठ्या अठ्ठ्याण्णववर आणल्या. तेव्हा आयलीने चाक सरळ केलं, खुर्ची फिरवली आणि मागे तोंड करून बसली.

तिसरा मासा तिने पाहिला. हिरवट पाण्यात आधी एक पिवळी झाक, मग सोनेरी कूस, आणि मग तो मोठा काचेसारखा डोळा, ज्यात सकाळचा उजेड एकदम पेटला. "अगंबाई," ती म्हणाली. रेमंडने जाळी पुढे केली. ती तिने धरली.

मासा पेटीत पडल्यावर रेमंड खाली बसला. "तुला कुणी सांगितलं? डॉटीने?"

तिने पिशवीतून मोडक्या मुठीचं रीळ काढलं, टेप काढली आणि सगळं सांगितलं. बॉबिन, वाढदिवस, पत्रपेटी. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा सावकाश लाल होत होता.

"माझ्या रिळांना हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

"वाढदिवस होता तुझा! भेट होती!"

"तेव्हा मी काय म्हणालो?"

"म्हणालास, 'याची काय गरज होती.'"

"बघ! तेव्हाच म्हणालो होतो! काय गरज होती!"

"छत्तीस वर्षं तंगूस न बदलणाऱ्या माणसाने मला गरज सांगू नये! तीन आठवडे माझ्या पावाचा वास घेत होतास! मी गुणगुणायची बंद झाले! सरोवर मेलं म्हणे! मासे खाली गेले म्हणे! मासे जागेवर आहेत, रेमंड. तुझं रीळ रोडावलंय."

तो आणखी काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही. पण मधेच त्याची नजर हातातल्या रिळावर गेली आणि तिथेच थांबली. आयलीने पाहिलं, की आता हिशेब त्याच्या डोक्यात पुढे सरकतोय. वाढदिवसाच्या मागे, वर्षामागे वर्ष.  अशा वेळी विंगेतून शब्द पुरवू नये, ज्याचं वाक्य त्याला आठवू द्यावं.

"लॉइडची रिळं नवी होती," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"काठोकाठ."

"हो."

"मी खोटं नव्हतो बोललो."

"नव्हतास."

"पण त्याला बोट हाकता येत नाही म्हणालो." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "सगळ्यांसमोर."

चौथी काठी वाकली होती. दोघांपैकी कुणाचं लक्ष नव्हतं. मग आयली म्हणाली, "काढ तो. चौघांना पुरले पाहिजेत," आणि खुर्ची फिरवून चाक धरलं.

दुपारी लॉइडच्या दारात खोक्यांची रांग होती. रेमंड वाटेवर उभा राहिला. एका हातात मोडकं रीळ, दुसऱ्या हातात टेप. आयली मागे, माशांची पेटी ओढत. बंदरापासून इथपर्यंत तो काय बोलायचं ते ओठांतल्या ओठांत घोकत होता. तिने तीन निरनिराळ्या सुरुवाती ऐकल्या होत्या आणि तिन्ही बऱ्या होत्या. दार उघडलं. लॉइड काठी टेकत बाहेर आला. नऊ वर्षांनी दोघे समोरासमोर, आणि रेमंड सगळं विसरला. भल्याभल्यांचं होतं असं.

"टेपचं टोक धर," तो म्हणाला.

लॉइडने त्याच्याकडे बघितलं. आयलीकडे बघितलं. तिने मान हलवली. त्याने टोक धरलं.

हेल्मीच्या पत्रपेटीच्या खांबाला तंगूस बांधला गेला. रेमंड उलटा चालत गेला. "एकशे चाळीस!" तो लांबून ओरडला. एकशे चाळीस हा आकडा त्याने ओरडून उच्चारण्याची हॉर्टन हार्बरच्या इतिहासातली ती पहिली वेळ. मग टेप लागली. लॉइड गुडघे सावरत वाकला, आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"अठ्ठ्याण्णव?"

"अठ्ठ्याण्णव."

लॉइड एका खोक्यावर बसला. त्यावर 'काचसामान' लिहिलं होतं, पण हेल्मीही काही बोलली नाही.

"तंगूस कधी बदलला होतास?"

"बदलला नव्हता."

"कधीच?"

"रीळ घेतलं तेव्हा होता की त्यावर."

 "म्हणजे मी तुला नऊ वर्षं खोटारडा समजलो," लॉइड म्हणाला, "आणि तू नुसता चिक्कू निघालास."

"बोट चांगली हाकायचास तू," रेमंड म्हणाला. त्याच्या दृष्टीने ती माफी होती. लॉइडनेही ती तशीच घेतली असावी, कारण तो जरा बाजूला सरकला आणि खोक्यावर अर्धी जागा रिकामी झाली.

दोघी आत गेल्या. आयलीने मासे साफ केले, हेल्मीने तवा तापवला. ताटल्या सगळ्या बंद खोक्यांत होत्या, म्हणून चार भांड्यांची झाकणं उलटी करून टेबलावर मांडली. पहिला तुकडा तेलात पडला तेव्हा हेल्मीने डोळे पुसले आणि म्हणाली, "धूर."

"हो, धूर," आयली म्हणाली. तवा अजून नीट तापलाही नव्हता.

मासे झाले. कोशिंबीर झाली. हाका मारल्या. कुणी आलं नाही. हेल्मीने खिडकीतून बघितलं आणि किंचाळली. अंगणात तीन खोकी फोडलेली होती. लॉइडने नऊ वर्षं न वापरलेली स्वतःची रिळं शोधून काढली होती आणि आता तीही मोजणं चाललं होतं. रस्त्याच्या एका टोकाला एक म्हातारा, दुसऱ्या टोकाला दुसरा, मधे ताणलेली टेप, आणि आवाज चार गल्ल्या ऐकू जाईल असा.

"मासे थंड होताहेत!" आयली ओरडली.

"थांब! याचं शंभरला नव्याण्णव येतंय!"

"तू टेप ढिली धरलीस म्हणून!"

"मी ढिली धरलीय? तू सरळ उभा राहा आधी!"

"उद्या पाण्यावरच बघू. सहाला निघू."

"उद्या भांडी बांधायचीत!" हेल्मी म्हणाली.

"रविवारी बांधू! आणि चाक कोण धरणार?"

दोन्ही टोकांची दोन्ही तोंडं एकाच वेळी आयलीकडे वळली.

आयलीने हात ॲप्रनला पुसले. पायऱ्या उतरली, रस्त्याच्या मधोमध गेली, वाकली आणि टेप बरोबर मध्यावर उचलली. "उद्या मी काठी धरणार आहे," ती म्हणाली. "चाक कुणी धरायचं ते जेवताना ठरवा." मग टेप मनगटाभोवती गुंडाळत, मागे न बघता ती घराकडे चालायला लागली. टोकं कुणीच सोडली नव्हती, त्यामुळे दोघे म्हातारे दोन बाजूंनी, वाद घालत घालत, तिच्यामागून दारापर्यंत आले.